धर, धरलं, सोडलं

प्रिय कॅप्टनसाहेब,

स्टुलावर चढलं तरी ज्याला गरगरतं, त्या सुताराला मी कॅप्टनसाहेब का म्हणते, हे वॉर्डातल्या सिस्टरला कालपर्यंत उमगलंच नव्हतं. युनिफॉर्ममध्ये आले की ती मला हवाई सुंदरी समजायची. या वयात, या गुडघ्यांनिशी! शेवटी बसवून सगळं सांगितलं. जन्मभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी बाई चाळिशी उलटल्यावर पायलट व्हायला निघाली, तेव्हा झाडून सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. नवऱ्याने मात्र एक फळी, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या कपाटाच्या मुठी घेऊन स्वयंपाकघरातच कॉकपिट उभं केलं. जेवणं आटोपली की तू डावीकडे कॅप्टन म्हणून बसायचास, मी उजवीकडे. कुठली कळ कशाची हे माझ्याआधी तुला पाठ झालं होतं. आई ओट्यापाशी उभ्या राहून रोज विचारायच्या, आज कुठे उतरणार आहात, म्हणजे तेवढ्यात मी भांडी आवरते.

माझ्या इन्स्ट्रक्टरांचं नाव आपण खवीस ठेवलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना तोंडाने बोलायचं. देणाऱ्याने सांगायचं, घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं, आणि ते ऐकू आल्याशिवाय देणाऱ्याने हात काढायचा नाही. मला वाटलं, काय हा पोरखेळ! मग एके दिवशी उतरायच्या बेतात असताना मला वाटलं त्यांनी घेतलंय, आणि त्यांना वाटलं माझ्याकडेच आहे. विमान कुणाच्याच हातात नव्हतं. एक पंख हळूच खाली झुकला, आणि खवीस असे ओरडले की अजून कानात आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं तू खो खो हसशील. तू हसला नाहीस. उठून पाणी प्यायलास, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा लागू केलास. धर. धरलं. सोडलं. पहिला आणि शेवटचा शब्द देणाऱ्याचा, मधला घेणाऱ्याचा. दुधाचं गरम पातेलं असो, लेकीची सायकल असो, जिना उतरताना आईंचा हात असो. लेक वैतागायची, या घरात मीठसुद्धा सरळ हातात मिळत नाही म्हणायची. पण पातेलं पुन्हा कधी सांडलं नाही, एवढं मी मान्य करते.

आणि आता ऐक, मला तुझा राग आहे. भयंकर राग आहे. भुसा गेलाय घशात, सुताराला खोकला नाही येणार तर कुणाला येणार, असं म्हणत माझं लायसन्स हातात पडेपर्यंत तू तो खोकला दाबून ठेवलास. रुमाल स्वतः धुवायला लागलास, तेव्हा मी मूर्ख कौतुक करत होते, की गडी संसाराला हातभार लावतोय! मालवाहू विमानात को-पायलट म्हणून लागले, टायर आणि औषधांची खोकी इकडून तिकडे न्यायला लागले, आणि तुझे रिपोर्ट आले. ते डॉक्टरांनी मला समजावून सांगायची गरजच नव्हती. तसले कागद मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात ठेवत आले. आपल्या माणसाचं नाव वर असलं की तेच आकडे वाचवत नाहीत रे.

आता तोंडावर मास्क आहे, तुला बोलता येत नाही. सिस्टर सांगत होती, मी हवेत असले की तू झोपेचं इंजेक्शन देऊ देत नाहीस, हात झटकतोस. विमान उतरल्याचं तिने येऊन सांगितलं की मगच डोळे मिटतोस. डॉक्टरांना नवल वाटतं, एवढ्या यातनांत हा माणूस कशाच्या जोरावर टिकून आहे. मला नाही वाटत नवल. मी नोकरी सोडणार असल्याचं लेकीने तुझ्यापाशी बोलून टाकलं, तेव्हापासून माझी बोटं तू इतकी घट्ट धरतोस की अंगठी रुतते. मी तोंडाने म्हणते, बरा होशील, घरी जाऊ. आणि तू माझ्याकडे असा बघतोस की त्यापेक्षा खवीस परवडले.

म्हणून हे लिहितेय. पोस्टात टाकायला नाही. पायलटला चेकलिस्ट कितीही तोंडपाठ असली तरी ती कागदावर बघूनच वाचावी लागते, कारण घाबरलेला माणूस नेमकी महत्त्वाची ओळ गाळतो. मी फार घाबरलेय. उद्या सकाळी तुझ्या उशाशी बसून हे सगळं मोठ्याने वाचणार आहे. मध्ये रडू आलं तर थांबेन, पण ओळ गाळणार नाही. तर ऐक. राजीनामा फाडून टाकला. कॅप्टनच्या परीक्षेला बसतेय. तुझी पटाशी आणि रंधा लेकीने ताब्यात घेतलाय, कुणालाही हात लावू देत नाही. आई माझ्या सोबतीला आपल्या खोलीत झोपायला आल्यात, आणि त्या घोरतात, हे तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस. मला तू हवा आहेस. तुझ्यावाचून कसं होणार, मला खरंच ठाऊक नाही. पण घर कुणाच्याच हातात नाही, असं होणार नाही. इतके दिवस माझी बोटं आवळून तू धर, धर म्हणतोयस आणि मीच उत्तर देत नव्हते, कारण पुढचा शब्द तुझा असतो. ऐक नीट. धरलं. घर, लेक, आई, विमान, सगळं धरलंय मी. आता हात काढ, राजा.

तुझीच,
उजव्या सीटवरची