गव्हाणीतले दाणे

अहो,

श्रियाला घेऊन इंदापूरला दवाखान्यात चाललेय. पोरीच्या अंगात रक्त न्हाय, असं परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तुमी मोबाईलमधनं मानबी वर केली न्हाय.

रेशनच्या तांदळातले ते पांढरट दाणे पोरांसाठी लोह अन् जीवनसत्त्वं घालून केलेले असतात, हे अंगणवाडीच्या ताई घरी येऊन सांगून गेल्या. तुमी व्हिडिओ बघून म्हणालात, प्लास्टिक हाय. रोज सूप घेऊन एकेक दाणा वेचत बसलात. मला वाटलं, बापाची काळजी हाय.

आज धार काढायला गेले तर तेच दाणे गव्हाणीत, पेंडीत कालवलेले. गोठ्यात कॅरीबॅगचा तुकडा उडत आला तरी गाईच्या पोटात जाईल म्हणून तुमी घर डोक्यावर घेता. म्हंजे ते प्लास्टिक न्हाय, हे तुमाला पक्कं ठाऊक हुतं. पोरीच्या ताटातलं काढून दुधासाठी गाईला घातलंत.

भात झाकून ठेवलाय, दाणे न वेचता. खा, न्हायतर गाईला घाला.

दवाखान्यातनं आमी कळंबला आईकडं जाणार. श्रिया आता तितंच राहील. तितं गोठा न्हाय.

अंजली