पायलटचे वडील

३ ऑगस्ट, सकाळी ७
संकल्प! सोसायटीतर्फे वायुदलातल्या मंडळींचा सन्मान सोहळा. १८ तारखेला, खालच्या हॉलमध्ये. आपल्या दोन इमारतींत वायुदलाची माणसं तीन: ए विंगमधले रिटायर्ड वॉरंट ऑफिसर, डेंटिस्टचा मेहुणा आणि आमची लेक, हेलिकॉप्टर पायलट. समितीने मला एकमताने अध्यक्ष केलं. दुसरं कोणी तयारच नव्हतं, पण ते गौण.
ही म्हणाली, आधी लेकीला स्वतः फोन करा, चार वर्षं झाली बोलून. करणारच आहे. उद्या.

४ ऑगस्ट
फोन केला नाही. पायलटला ड्यूटीवर त्रास देऊ नये. सोसायटीच्या लेटरहेडवर रीतसर निमंत्रण टाइप करून तिच्या युनिटच्या पत्त्यावर पाठवलं. प्रत तिच्या साहेबांना. त्यात तिचाही मान राहतो, माझाही.

६ ऑगस्ट
भाषण लिहायला घेतलं. 'माझ्या पाठिंब्याशिवाय...' अशी सुरुवात. हिने चहा ठेवता ठेवता वाचलं. म्हणाली, लेकीच्या पासिंग आउट परेडला प्रत्येकीच्या खांद्यांवर आईवडील फिती लावत होते. एक मी लावली, दुसरी कोणा परक्या मुलीच्या वडिलांनी लावली. मी म्हटलं, तेव्हा माझं बीपी वाढलं होतं. तर म्हणे, 'गेलीस तर परत या घरात पाऊल टाकू नकोस' हेही बीपीच बोललं होतं का?
बायकांना जुनं उकरायची सवय असते. मी पेपर वाचायला घेतला.

९ ऑगस्ट
माय-लेकी रोज संध्याकाळी साडेपाचला फोनवर बोलतात. मी नेमका तेव्हा फिरायला जातो. हवा चांगली असते. सध्या ती पुरात अडकलेल्यांना छपरांवरून उचलतेय म्हणे. लगेच भाषणात घातलं. अकरा पानं झाली.

१२ ऑगस्ट
आज साडेपाचचा फोन आला नाही. पुरात टॉवर पडतात, रेंज जाते, साधी गोष्ट आहे. हिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

१३ ऑगस्ट
फोन नाही. स्वयंपाकही नाही. ब्रेड खाल्ला.
टीव्हीवर एका हेलिकॉप्टरशी संपर्क तुटल्याचं सांगत होते. बंद केला. बातमीवाल्यांना राईचा पर्वत करायची खोडच असते. हेलिकॉप्टर काय एकच आहे? मन चिंती ते वैरी न चिंती.
संध्याकाळी वॉरंट ऑफिसर आले. एरवी हा माणूस सर्व्हिसच्या गोष्टी सांगून पिट्ट्या पाडतो. आज अर्धा तास बसले, एकही गोष्ट नाही. जाताना विचारलं, जवळपास तुमचं कोणी नातेवाईक असतं का? सोहळ्याच्या पाहुण्यांची यादी करत असावेत.

१४ ऑगस्ट, सकाळी ६
केला! लेकीला स्वतः फोन केला. स्विच्ड ऑफ. झोपली असेल, दमते बिचारी. पण मी केला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

सकाळी ११
फाटकाशी वायुदलाची गाडी! माझं पत्र पोचलं म्हणायचं. दोन अधिकारी, फुल युनिफॉर्ममध्ये, सोबत एक डॉक्टरबाई. मी जिन्यातच गाठलं, हात मिळवले, सोहळ्याची रूपरेषा सांगितली, पहिल्या रांगेत बसवतो म्हटलं. शांतपणे ऐकून घेतलं. फार शिस्तीची माणसं, हसतसुद्धा नाहीत.
थोरल्या साहेबांनी विचारलं, तिच्या आई घरात आहेत का? मी म्हटलं, मी वडील. काय असेल ते मला सांगा. अध्यक्षही मीच.
त्यांनी फाइल उघडली. दोनदा पाहिली. म्हणाले, कोणाला कळवायचं, या रकान्यात तिने फक्त आईंचं नाव लिहिलंय. नियमाने आधी त्यांनाच सांगावं लागतं. माफ करा.

११.२०
ते सगळे आतल्या खोलीत. दार लावलंय. मी बाहेर, चपलांच्या रॅकजवळच्या स्टुलावर.
आत्ता आतून हिचा आवाज आला. बत्तीस वर्षांच्या संसारात असा आवाज ऐकला नव्हता. उठलो. कडीपर्यंत हात नेला. पण नियम म्हणजे नियम.
वॉरंट ऑफिसर जिना चढून आले. शेजारी उभे आहेत.
मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.