राहणाऱ्याचं नाव

दि. ४ फेब्रुवारी, बुधवार

आदरणीय मास्तर,

नमस्कार. घरात सगळे खुशाल असाल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, तोवर माझी पत्रं सूनबाईच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. सूनबाई, तुम्हालाही नमस्कार. जन्मभर बोर्ड रंगवलेल्या माणसाचं अक्षर लागत नसेल, तर तो दोष पेनाचा समजा.

इकडे सगळं आहे तसंच आहे. खोलीतला नळ अजून गळतो. तुमची छत्री दारामागे टांगलेली आहे. काम कमी झालंय, हल्ली सगळ्यांना छापील बोर्ड हवे असतात. पण एक नवं काम मिळालं आणि त्याची गंमत सांगण्यासारखी आहे.

कोपऱ्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे ना, त्याच्या शेजारच्या बैठ्या घरात आता एक केंद्र निघालं आहे. समलिंगी, तृतीयपंथी अशा मंडळींसाठी. एक निवृत्त नर्स ते चालवतात. बेकरीत काम करणाऱ्या दोघी येतात, एक बसड्रायव्हर येतो, घरच्यांनी बाहेर काढलेली काही तरुण मंडळी येतात. चहा पितात, पत्ते खेळतात, कुणाला डॉक्टर हवा असतो, कुणाला वकील. माझा त्या लोकांशी संबंध बोर्डापुरता.

बोर्ड लावून आठवडा होतोय तोच पालिकेचा निरीक्षक आला. आला तो शेजारच्या दवाखान्यातून, दाढ काढून! अर्धा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा, आणि हातात केंद्राच्या नावाची नोटीस. निवासी भागात दोन फुटांपेक्षा मोठा बोर्ड चालत नाही म्हणे. ज्या बोर्डाखालून तो बाहेर पडला तो चांगला सहा फुटी आहे. मीच रंगवलाय. त्यावरचा हसणारा दात रात्री पेटतो. पलीकडच्या शिकवणीवाल्यांचा बोर्ड तर अर्धी भिंत खातो. मी म्हटलं, “साहेब, जरा मागे वळून बघा.” त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. “त्यांची तक्रार नाही आली, काका,” म्हणाला, आणि गाल धरून निघून गेला.

बोर्ड खाली उतरवला, कापला, कडा घासल्या, अक्षरं पुन्हा बारीक काढली. नर्सबाई माझं स्टूल धरून उभ्या होत्या. “एवढ्यावर भागेल ना, पेंटरकाका?” त्यांनी विचारलं.

भागलं नाही. दुसरी नोटीस आली. निवासी भागात संस्था चालवायची तर त्या घरात कुणीतरी कायमचं राहत असलं पाहिजे, आणि दारावर त्या राहणाऱ्याच्या नावाची पाटी हवी. नियम जुनाच आहे, फक्त कुणाला आठवत नव्हता. डॉक्टर संध्याकाळी कुलूप घालून गाडीने गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात. शिकवणीच्या सरांचं तिथे एक जोडी चप्पलही नसते. त्यांना कुणी विचारत नाही. केंद्राला मात्र महिनाअखेरची मुदत, नाहीतर टाळं.

राहणार कोण? नर्सबाईंची आई अंथरुणाला खिळलेली आहे, त्या घर सोडू शकत नाहीत. बाकीच्यांचं नाव दारावर लागलं तर कुणाची नोकरी जाईल, कुणाचे वडील लोकांना घेऊन दारात येतील. मी विचारलं, “पाटीवर नाव कुणाचं घालू?” नर्सबाई म्हणाल्या, “पाटी तयार ठेवा, नावाचं बघू.”

पाटी घरी आणली आहे. पांढऱ्या अस्तराचा हात देऊन तुमच्या खाटेवर वाळत ठेवली आहे. खाट रिकामीच असते.

प्रकृतीला जपा. जिना उतरताना कठडा धरत जा.

आपला शेजारी,
पेंटर


दि. २ मार्च, सोमवार

मास्तर,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ऑपरेशन नीट झालं, आणि आता आलेलं सगळं स्वतःच वाचता येतं. ती दुसरी ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवलास आणि स्वतः सांगायचं ते इतक्या आडवाटेने! असो, पोचलं. हे पत्र तुला एकट्याला आहे. वाचून झालं की फाडून टाक. नाहीतर नको फाडूस, तुझी मर्जी.

केंद्राशी माझा संबंध बोर्डापुरता, असं मागे लिहिलं होतं. ते सूनबाईंसाठी होतं. बोर्ड लागल्यावरही मी रोज संध्याकाळी जात होतो. कधी खिळा सैल वाटतो म्हणून, कधी रंगाचा डबा विसरला म्हणून. डबा मीच टेबलाखाली सरकवून यायचो. नर्सबाई काय समजायचं ते समजल्या होत्या. “डबा मिळेपर्यंत चहा घ्या,” म्हणायच्या. तिथे दारात पाय ठेवला की कुणीतरी ‘या’ म्हणतं, मास्तर. खोलीवर मी कुलूप काढतो, स्वतःच ‘आलो रे’ म्हणतो आणि मग दिवा लावतो. तू गेल्यापासून फार एकटं वाटतं. हे आजवर एकाही पत्रात लिहिलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर पडलेलं मला चाललं नसतं.

आणखी एक. तू पडलास तेव्हा हॉस्पिटलात तुझ्या पुतण्याने विचारलं, हे कोण? मी जेवणाचा डबा घेऊन उभा होतो. तू म्हणालास, “शेजारी आहेत.” बरोबरच होतं म्हणा. एका खोलीतले, दोन खाटांवरचे शेजारी! मी रागावलो नाही असं तुला वाटत असेल. रागावलो होतो. अजूनही आहे. महिन्याभरासाठी म्हणून पुतण्या आणि सूनबाई तुला त्यांच्या घरी घेऊन गेले आणि दोन हिवाळे गेले.

तर पाटीचं सांगत होतो. मुदत संपत आली तरी नाव ठरेना. नर्सबाई पुस्तकं खोक्यांत भरायला लागल्या. बेकरीतल्या दोघी स्टुलावर चढून पडदे उतरवत होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, “पडदे राहू द्या. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांवर आला की मला झोप लागत नाही.”

मग नर्सबाई जवळ येऊन म्हणाल्या, “काका, दारावर नाव लागेल. नंतर पुसता येणार नाही.” मी म्हटलं, “बाई, पुसलं जाईल असं नाव मी आजवर कुणाचं काढलेलं नाही.” बोललो तेव्हा ऐटीत, पण रात्री पाटीसमोर बसून ब्रश तीनदा बुडवला आणि तीनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी किराणावाला म्हणाला, “पेंटर, तुम्ही त्यांच्यातले थोडेच आहात! पोटासाठी माणसाला सगळीकडे जावं लागतं.” माणूस भला आहे, मला निसटायला वाट करून देत होता. मी म्हटलं, “त्यांच्यातलाच आहे.” त्याने माझी साखर दोनदा तोलली आणि पैसे हातात न घेता काउंटरवर ठेवायला सांगितले. डॉक्टरांनी त्यांच्या नव्या बोर्डाचं काम काढून घेतलं.

आपली खोली सोडली. दोन्ही खाटांसकट सामान एका हातगाडीत मावलं. गाडी उताराला लागली तेव्हा मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर परत गेलो असतो.

शुक्रवारी निरीक्षक आला, राहतो की नाही ते तपासायला. अंथरूण उचकटलं, पातेल्याचं झाकण काढलं, टूथब्रश ओला आहे का तेसुद्धा बोट लावून पाहिलं. दाताच्या डॉक्टरांकडे असली तपासणी करायला कधी कुणी गेलं नाही. त्याने विचारलेल्या सगळ्याची मी पटापट उत्तरं दिली. मग दोन खाटांकडे बघून त्याने विचारलं, “एकटेच राहता?”

तिथे मी तुझ्या खाटेवरची चादर सारखी करत राहिलो. त्याने दाराकडे बोट केलं. “आणि पाटीवर खालची जागा रिकामी का?” मी म्हटलं, “काम चालू आहे.” त्याने काहीतरी लिहिलं आणि गेला. या खेपेला टाळं टळलं. उद्या त्यांना आणखी एखादा नियम आठवेल, त्याचं तेव्हा बघू. पडदे पुन्हा लागलेत.

आता आपलं बोलतो. एकट्या माणसाचं नाव पाटीच्या मधोमध घेतात, हे तुला मी पूर्वीच कधीतरी सांगितलं असेल. माझं मी वरच्या अर्ध्यात घेतलंय. खालच्या अर्ध्यात खडूच्या दोन रेघा आखून ठेवल्यात. येता-जाता कुणाची तरी बाही लागते आणि त्या पुसल्या जातात. मी पुन्हा आखतो.

या घराला जिना नाही, तुझ्या कमरेला बरं पडेल. तुझी खाट खिडकीपाशी लावली आहे. छत्री इथेही दारामागेच आहे.

तुझं नाव घालू का, तेवढं कळव. नको असेल तर तेही स्पष्ट कळव, गप्प राहू नकोस. मग मी माझं नाव खरवडून काढीन आणि मधोमध घेईन.

तुझा,
पेंटर