नऊ दिवसांची ताई

अशोका गार्डन, भोपाळ
१९ फेब्रुवारी २०१४

प्रिय ताई,

अशोका गार्डनहून साकेत नगरला कुणी पत्र लिहितं का, म्हणून तू हसशील. रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता. पण रविवारी तुझ्यासमोर दोन तास बसले, तुझ्या हातची खिचडी खाल्ली, लोणच्याची बरणीसुद्धा घेऊन आले, आणि जे बोलायला आले होते ते तसंच पोटात ठेवून परतले. तोंडाने जमलं नाही, म्हणून हा कागद.

त्याआधीच्या बुधवारी भाऊजी आमच्याकडे एकटेच आले होते. तुला त्यांनी सांगितलं नसणार. चार महिने तुला अंगावरून रक्त जातंय. एकसष्टाव्या वर्षी हे बरं नाही एवढं त्यांनाही कळतं. भाऊजींच्या कारखान्याच्या दवाखान्याचं पुस्तक कपाटात आहे, निवृत्त माणसावर आणि त्याच्या बायकोवर तिथे जन्मभर उपचार होतात, तरी तू तिकडे जायला तयार नाहीस. कोपऱ्यावरच्या होमिओपॅथीवाल्याच्या साखरगोळ्या चघळतेस आणि वयाचं कारण सांगतेस. भाऊजी म्हणाले, वासंती, तू समजाव, तुझं ती ऐकेल. मी मान डोलावली आणि त्यांना चहा दिला. तू का जात नाहीस हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी चहात साखर पुरेशी आहे का विचारत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

एकोणनव्वद सालची थंडी आठव. भाऊजी दोन महिने साइटवर गेले होते, आणि माझं पोट धरून बसणं तुला बघवेना. आमच्याकडे कसलं पुस्तक आणि कसलं काय. हे गोविंदपुऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर, पगार हातात मिळाला की संपला. तूच म्हणालीस, माझं पुस्तक घेऊन चल. तेव्हा त्या पुस्तकावर फोटो नसायचा, नाव आणि वय तेवढं असायचं, आणि आपलं नाक-डोळे तर एकाच साच्यातले. मी मंदाकिनी म्हणून भरती झाले आणि माझी गर्भपिशवी मंदाकिनीच्या नावाने निघाली. नऊ दिवस तू डबा घेऊन यायचीस, धाकटी बहीण वासंती बनून. नर्ससमोर मला 'ताई, थोडा भात खा' म्हणायचीस. पहिल्या दिवशी मला हसू आलं आणि टाके दुखले. नंतर सवय झाली. खरं सांगू, छान वाटायचं.

भाऊजी परत आल्यावर तू त्यांना काही सांगितलं नाहीस. कँटीनमधला चमचासुद्धा घरी न आणणारा माणूस, त्यांनी आपणहून साहेबाकडे जाऊन कबुली दिली असती. नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं. तू ते ओझं पंचवीस वर्षं एकटीने वाहिलंस, आणि आता त्याच पुस्तकात लिहिलंय की तुझी पिशवी केव्हाच काढली. डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन काय सांगणार तू? काढलेल्या पिशवीतून रक्त येतंय म्हणून?

इथवरचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

आमच्या बैठकीतला तो फोटो तुला फार आवडतो ना? आम्ही चौघं, मुलांच्या केसांना तेल, माझी जांभळी साडी. दिवाळीला काढला म्हणून मी तुला सांगितलं होतं. तो दिवाळीचा नाही, ताई. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी युनियनचे नारायणराव आमच्या ओट्यावर बसून यांना समजावून गेले होते. तुमच्या वर्कशॉपला कामगार विमा लागू आहे, मालकाला तुमचं नाव नोंदवावंच लागेल, मग तुम्हाला, बायकोला, मुलांना विमा दवाखान्यात उपचार मिळतील, आजारपणाची रजा मिळेल. हे मालकाचे उपकार नाहीत, तुमचा हक्क आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. कार्डासाठी सगळ्या कुटुंबाचा फोटो लागत होता. म्हणून आम्ही नटूनथटून स्टुडिओत गेलो होतो.

मालकाला वास लागला. त्याने यांना एकट्याला बोलावलं, चहा पाजला, म्हणाला, "दिलीप भाई, आप तो घर के आदमी हो, आपको कार्ड की क्या ज़रूरत?" यांना फोरमन करायचं गाजर दाखवलं. हजेरीपटावर नाव आणायचं नाही, एवढीच अट. घरी येऊन यांनी मला हे सांगितलं. त्यांना फॉर्म भरायचा होता, हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, कशाला मालकाशी वाकडं घेता, आजारपणाला ताईचं पुस्तक आहे ना.

हे मी म्हटलं, ताई. तेव्हा मला दुखायला लागलंसुद्धा नव्हतं. मला नियम कळला नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. नारायणरावांचं बोलणं मी दाराआडून अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. बाकीच्यांनी फॉर्म भरले, त्यांची कार्डं झाली. त्यांच्या बायका स्वतःच्या नावाने दवाखान्यात गेल्या. आमचा फोटो मी फ्रेम करून भिंतीवर लावला. फोरमन झाला तो मालकाचा भाचा. आणि वर, हे म्हातारपणी पेन्शनशिवाय घरी बसले तेव्हा मीच तुला टोमणे मारायचे, तुमचं बाई बरंय, सरकारी कारखाना. तू ऐकून घ्यायचीस आणि निघताना पिशवीत काहीतरी घालून द्यायचीस.

सोमवारी मी तुला न विचारता तुमच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंपुढे बसून स्वतःच्या हाताने लिहून दिलं की एकोणनव्वदचं ते ऑपरेशन माझं आहे. त्यांनी पडद्याआड नेऊन माझा व्रण पाहिला आणि तसं नोंदवलं. पुस्तकाचं पुढे काय करायचं ते वरचे साहेब ठरवतील, कदाचित चौकशी होईल, पण तपासणी त्यासाठी अडणार नाही, असं त्या म्हणाल्या. फार उशीर केलात, असंही म्हणाल्या. तिथून तडक भाऊजींना गाठलं आणि सगळं सांगितलं, फोटोचंही. मग त्यांनी एवढंच विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो. तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून मी त्यांना दोन दिवस गप्प राहायला सांगितलं आहे. हे पत्र तेच तुझ्या हातात देतील. माझ्यावर चिडायचं तेवढं चीड, बोलणं टाक, फोटो मी कालच भिंतीवरून उतरवला आहे. पण शुक्रवारी सकाळी साडेआठला मी दवाखान्याच्या दारात उभी असेन, तुझं नाव तुझ्या तोंडून सांगायला तू यायचंस. नऊ दिवस तू मला ताई म्हणाली होतीस. तेवढ्याच हक्काने सांगते, माझं ऐक.

तुझीच,
वासंती