नवऱ्याची सही

३ मार्च

अर्ज दिला! एकटीने. एकटीच्या नावाने!

बँकेतल्या साहेबांच्या पुढच्या दोन दातांत चांगली काडी जाईल एवढी फट आहे. समोरचा माणूस बोलायला लागला की मी आधी दात बघते. तेवीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करतेय, दुसरं काय होणार! फटवाल्यांनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून बघितलं. "विवाहित?" हो. "मिस्टर आहेत ना?" अहो, आहेत की! घरी भाजी निवडतायत.

मग सगळं सांगितलं. मिस्टर दोस्ताला जामीन राहिले. दोस्त पळाला. आम्ही पै न् पै फेडली, पण नावावरचा डाग काही जात नाही, यांना कुठलीच बँक दारात उभी करत नाही. पगार माझा पक्का. "मग एकटीने होईल," म्हणाले. "फक्त मिस्टरांचं संमतीपत्र लागेल." म्हणजे या घरावर माझा हक्क नाही, असं त्याने लिहून द्यायचं. खाली सही.

घर दोनच खोल्यांचं. पण स्वयंपाकघराला दोन खिडक्या! दोन! विकणाऱ्या बाई एप्रिलअखेरपर्यंत थांबते म्हणाल्यात. त्यापुढे दुसरं गिऱ्हाईक आहेच.

४ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही. फटवाले असंही म्हणाले की कर्ज मंजूर झालं की मिस्टरांचं नाव घरावर मागाहून घालता येतं. साधा फॉर्म असतो.

हे मी घरी सांगितलेलं नाही. का? कारण मला माझं एकटीचं घर हवंय. लिहिलं बाई एकदाचं! जामीन राहताना त्याने मला विचारलं होतं का?

७ मार्च

पेंटरला कागद दाखवला. नवऱ्याला मी पेंटरच म्हणते. लॅबचा बोर्ड रंगवायला आला होता, तिथेच आमचं जमलं. काय अक्षर होतं! बोर्ड अजून आहे, रोज त्याच्याखालून आत जाते. आता मात्र हा रंगाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना शेडची कार्डं दाखवतो. दोन वर्षांपूर्वी ब्रश ठेवला तो ठेवलाच. फ्लेक्सने धंदा खाल्ला म्हणतो.

कागद दोनदा वाचला त्याने. "म्हणजे मी भाडेकरू."

"भाडं कोण मागतंय?"

"मग पाहुणा." हसला. पण खालचे दात दिसले नाहीत. खरं हसला की याचे खालचे दात दिसतात, मला पाठ आहेत. लग्नानंतर हौसेने त्याच्या खालच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा काढला होता मी. तोच या वहीवर वजन म्हणून ठेवते.

"ठेव. करतो सही," म्हणाला. चहा अर्धाच घेतला. हल्ली अर्धाच कप घेतो, साखर कमी करतोय म्हणे. दाढीही वाढवलीय. कुणाचा एवढा शोक चाललाय कोण जाणे!

१२ मार्च

ताईचा फोन. "अगं, नवरा धडधाकट असताना एकटीच्या नावावर घर? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, लोकांनी हप्ता भरावा, त्यांचंही नाव घालते.

मग ताई हळूच, "स्वयंपाकघराला खरंच दोन खिडक्या आहेत?"

१७ मार्च

दहा दिवस कागद फ्रिजवर पडून. आज एकदाचा आत नेला, दार लावून घेतलं. सही करायला दार कशाला लावावं लागतं? बाहेर आला, घडी करूनच हातात दिला. मी लगेच देऊन आले. चला, सुटले!

२१ मार्च

कसली सुटतेय! फटवाल्यांचा फोन — "सही जुळत नाही, मॅडम." त्यांच्याकडच्या जुन्या कागदावरची सही वेगळी, ही वेगळी. दुसरा कागद घेऊन आले. पेंटर म्हणाला, "पेन चांगलं नव्हतं."

२८ मार्च

पुन्हा जुळली नाही. नवीन पेन विकत आणून दिलं होतं!

२ एप्रिल

तिसऱ्यांदा परत. फटवाल्यांनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. जुनी कशी, बोर्डावरच्या अक्षरासारखी ऐटीत. आणि नवी — कोंबडीने पाय पुसल्यासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घरात काही वाद वगैरे?" हळू आवाजात विचारलं त्यांनी. मी म्हटलं, छे! छे!

दुपारी कवळीवरचा एक दात उलटा बसवला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

३ एप्रिल

आज फुटले. संध्याकाळी तो चपला काढतोय तोवरच सुरू झाले. मुद्दाम करतोस! नको असेल तर तोंडाने सांग. माझं घर व्हायला लागलं तर तुझ्या पोटात दुखतं. बँकेत मला मान खाली घालायला लावलीस. खूप बोलले. नको ते बोलले.

तो टेबलाशी बसला, कोरा कागद ओढला, पेन उचललं. "ये. बघ."

पेनचं टोक नाचत होतं. कागदाला लागायच्या आधीच नाचत होतं. पहिलं अक्षर काढलं, आणि ते भलतीकडेच गेलं.

"दोन वर्षं झाली," म्हणाला. "आधी बारीक अक्षरं गेली. मग मोठी."

"आणि फ्लेक्स?"

"फ्लेक्सने अर्धाच धंदा खाल्ला."

अर्धा कप चहा — भरलेला सांडतो म्हणून. दाढी — वस्तरा धरवत नाही म्हणून. आणि मी बाई दिवसभर लोकांचे दात निरखते, आणि घरातल्या माणसाचा हात दिसला नाही मला! रडले. चांगली हमसून रडले. तोच पाठीवरून हात फिरवत होता, तोच कापणारा हात.

"सांगितलं का नाहीस?"

"याच अक्षरावर भाळली होतीस ना. काय सांगू?"

९ एप्रिल

डॉक्टरांकडे. डॉक्टरीण बाई शांत. चालायला लावलं, वर्तुळं काढायला लावली. जिवाला धोका नाही! हात कापायचाच आजार आहे, पुष्कळांना असतो. गोळी दिलीय. पूर्ण जाईल असं नाही, कमी होईल. "हाताला आधार द्या, घाईत लिहू नका."

जीव भांड्यात पडला. येताना बसमध्ये याने माझी पिशवी मांडीवर घेतली.

११ एप्रिल

आधार! माझ्याच लक्षात यायला हवं होतं. लॅबमध्ये आम्ही कधी अधांतरी हाताने काम करतो का? करंगळी टेकवल्याशिवाय मेणाला सुरी लावत नाही. पेंटरही बोर्ड रंगवताना हाताखाली काठी घ्यायचा. काठी कुठाय म्हटलं, तर बोर्डांचं काम सोडलं तेव्हाच देऊन टाकली म्हणे. कपाळ!

मग शोधाशोध. उशी मऊ. डबा उंच. ठोकळा घसरतो. शेवटी वैतागून या वहीवरचा जबडा उचलून त्याच्या मनगटाखाली सरकवला. बसला! अगदी मापाचा. अर्धगोल, जड, हलत नाही. पेनचं टोक टेकलं आणि नाच निम्मा झाला.

"स्वतःच्याच दातांवर हात ठेवून सही करणारा जगातला पहिला माणूस," म्हणाला. आणि हसला. खालचे दात दिसले!

१८ एप्रिल

रोज सकाळी शंभर सह्या. जुन्या वर्तमानपत्रांवर, बिलांच्या पाठीवर, माझ्या सामानाच्या यादीवर. आज साबणाच्या खाली ऐटीतली एक निघाली. कापून ठेवली मी ती.

२२ एप्रिल

फटवाले म्हणाले होते, समोर येऊन सही करा, म्हणजे प्रश्नच नको. गेलो. पेंटर दाढी करून आलेला — मी करून दिली. पर्समधून जबडा काढून टेबलावर ठेवला. फटवाल्यांनी पटकन तोंडच मिटलं! शेजारच्या टेबलावरची माणसं माना वळवून बघायला लागली. बघू देत.

पेंटरने हात टेकवला. आणि तेवढ्यात फटवाले, बिचारे चांगलं वाटावं म्हणून, "काळजी करू नका हो. कर्ज झालं की तुमचं नाव घालता येतं घरावर. मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलंय."

पेंटरने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "कुठे करायची सही?"

आणि केली. संथ, एकेक वळण घेत. फटवाल्यांनी जुनी शेजारी धरली. जुळली!

बाहेर टपरीवर चहा. मी म्हटलं, "मी सांगितलं नव्हतं तुला."

"मीही कुठे सांगितलं होतं?" म्हणाला. मग टपरीवाल्याला, "भरून दे रे." थोडा बशीत सांडला. बशीतला मी प्यायले.

२९ एप्रिल

मंजूर!! एकटीच्या नावावर! एक दिवस हातात राखून! कवळ्यांच्या धुळीतच नाचले. ताईला फोन केला, ती रडली. घर विकणाऱ्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या किल्ली घेऊन जा. घर माझं आहे. माझं! तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. छान वाटतं. खरंच छान वाटतं.

६ मे

पेंटरने दारावरची पाटी रंगवली. दोन वर्षांनी ब्रश हातात घेतला, जबडा टेकवून चार दिवस खपला. फक्त माझं नाव. अक्षरं जराशी थरथरलेली, पण ऐट तीच. खाली एक ओळ मावेल एवढी जागा कोरी. म्हटलं, ही कशाला सोडलीस? "सोडली नाही. राहिली," म्हणाला, आणि ब्रश धुवायला गेला.

७ मे

लॅबमधून मधल्या सुट्टीत बँकेत गेले. नाव घालायचा तो साधा फॉर्म मागितला. फटवाले म्हणाले, दोघांच्या सह्या लागतील, इथे समोर. म्हटलं, उद्या आणते त्याला. वहीवरचा जबडा पर्समध्ये टाकलाय.