डावीकडची सीट

प्रिय भोंप्या,

व्हिडिओचं काय झालं, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा गॅसवर दूध आहे असं सांगून मी फोन ठेवला. दूध नव्हतं. एकटीपुरतं दूध तापवायचा मला कंटाळा येतो, हल्ली पावडरीवरच भागतं. मागच्या सीटवर बसून तोंडाने हॉर्न वाजवणारा माझा मुलगा बाप झाला आणि आता आईचीच परीक्षा घ्यायला निघाला, याचा मला चांगलाच राग आला होता, हे आधी कबूल करते. एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. क्लच म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते माझ्या हाताखालून जाऊन आज ट्रक चालवतात. आणि तू म्हणतोस, तुझ्या नातीला, ठकूला, रोज शाळेत न्यायचं-आणायचं म्हणजे जबाबदारीचं काम, एकदा तुझं चालवणं व्हिडिओत बघू दे. म्हटलं, बघच बाबा.

तू इथे विसरून गेलेला छोटा कॅमेरा काढला. एका पिशवीत वाळू भरून ती डॅशबोर्डवर ठेवली आणि तीत कॅमेरा खोचला. पहिल्याच वळणावर पिशवी माझ्या मांडीवर. वाळू अजून सीटच्या फटींतून निघतेय. मग नाइलाजाने तुझ्या बाबांची मागची खोली उघडली. ते गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत मी तिथे फक्त दारातून डोकावले होते. रंधा त्याच्या जागी, करवत तिच्या जागी, पेन्सिल खिळ्यांच्या डब्यात उभी. सुताराची खोली इतकी नीटनेटकी असू नये. एखाद्या कोपऱ्यात भुसा तरी राहू द्यायचा होता, असं वाटून मी थोडा वेळ तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

एक लांब पट्टी मागच्या सीटपासून पुढे आणून तिच्या टोकाला कॅमेरा बांधला. चित्र असं थरथरलं की गाडीला हिवताप भरलाय असं वाटावं. तेव्हा बाबांचं बोलणं आठवलं. त्यांच्या कामावर मी बॅटरी धरून उभी राहायचे, तेव्हा ते नेहमी म्हणायचे, लांबून धरू नकोस, लांबचा हात हलतो, जवळ ये. मी पट्टी फेकून दिली. बाजूच्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ना, ते वर ओढलं की खाली दोन पोलादी दांड्या दिसतात. गाडीत त्यांच्याइतकं घट्ट दुसरं काही नाही. वीतभर रुंद फळी घेतली, दांड्यांच्या अंतराने दोन भोकं पाडली आणि भोकांच्या बरोबर मधून फळी उभी चिरली. दोन्ही तुकडे दांड्यांना पुढून-मागून लावले, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर घातलं आणि दोन बोल्टांनी आवळलं. कॅमेऱ्याचा स्क्रू फळीच्या कडेला, दांडीला अगदी खेटून. गचके रबराने खाल्ले, बाकीचं लाकडाने धरलं. मूठ मारली तरी हलेना. तुझ्या बाबांनी बघितलं असतं तर आधी भोकं वाकडी आहेत म्हणाले असते आणि मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं असतं.

फक्त एक गोष्ट मी माझ्या सवयीने केली. तुला रस्ता दिसायला हवा होता, आणि मी कॅमेरा वळवला तो चालवणाऱ्याकडे. जन्मभर डावीकडच्या सीटवर बसून मी रस्ता कधी बघितलाच नाही, शिकणाऱ्याची मान बघितली. मान वळली की डोळे वळतात, डोळे वळले की माणूस वाचतो, हे मी दिवसातून वीस वेळा घोकून घेत असे. तुझा कॅमेरा रुंद बघणारा, म्हणून काचेतून रस्ताही आला, पण मधोमध मी. निघताना त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला आणि चल, गाडी काढ, असं मलाच म्हटलं.

वीस मिनिटं फिरले. घर, मंडई, पुलाखालचं वळण, ठकूची होणारी शाळा आणि परत. दुपारी चष्मा पुसून बघायला बसले. पहिली पाच मिनिटं स्वतःवरच खूश होते. गिअर कसा लोण्यातून फिरवल्यासारखा. मग पुलाखालचं वळण आलं. तिथे बाबा नेहमी म्हणायचे, डावीकडे बघ. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती, पण शेवटची दोन वर्षं मी कुठेही निघाले की चपला घालून आधी गाडीत. डावीकडे सायकल, डावीकडे माणूस, डावीकडे कुत्रा. मी वैतागून म्हणायचे, दिसतंय हो, एवढी हौस आहे तर क्लास लावा. व्हिडिओत त्या वळणावर मी रिकाम्या सीटला तसंच, अगदी त्याच सुरात म्हणाले, दिसतंय हो. आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यात हातात पिशवी घेतलेला एक म्हातारा रस्त्यात उतरला होता, तो झटकन मागे सरला. माझी मान हलली नाही. मला तो दिसलाच नव्हता.

मी ते सात वेळा बघितलं. शाळेच्या फाटकापाशीही एक सायकल तशीच, मला न दिसता, गाडीला अगदी खेटून गेली. माझ्या हाताखाली असं कोणी चालवलं असतं तर माझ्या पायाखालचा, शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक दाबून मी गाडी कडेला घ्यायला लावली असती.

परवा बसने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचबिंदू आहे. डाव्या बाजूची नजर कडेकडेने गेलीय, दोन-तीन वर्षं हळूहळू जात असणार. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, यात माणसाला स्वतःला कळत नाही, शेजारी बसणाऱ्याला कळतं. तीन वर्षांपूर्वी मी फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली होती, आठवतं? बाबा म्हणाले, खांबच वाकडा आहे, आणि दोन दिवसांत त्यांनी फाटक हातभर रुंद केलं. त्यानंतरच ते गाडीत बसायला लागले. डॉक्टरांकडे चल म्हणाले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, तेही त्यांना माहीत होतं. मला त्यांचा राग येतो, भोंप्या, आणि राग काढायला ते नाहीत.

आता पत्र का लिहिलं ते. तुम्ही दोघं नोकरीवर जाणार, ठकूला शाळेत मी नेणार, म्हणूनच तर तुम्ही इकडे राहायला येणार होता. मी गाडी चालवणार नसेन तर तुम्हाला तिकडेच राहणं सोपं, हे मला कळतं. पुलाखालचं वळण टाळून दुसरा व्हिडिओ काढायचा, असं माझ्या मनात आलं होतं. एकदा नाही, दोनदा. कॅमेरा फळीवर बसवलाही होता. तुम्ही यावं म्हणून मी काहीही केलं असतं, पण मागच्या सीटवर ठकू असणार होती. म्हणून पाकिटात कॅमेऱ्याच्या कार्डावर तोच व्हिडिओ आहे, न कापलेला, आणि गाडीची किल्ली. काल मी शाळेपर्यंत चालत जाऊन बघितलं. माझ्या चालीने अठ्ठावीस मिनिटं लागतात, ठकूच्या पायांना चाळीस लागतील, निम्म्या वाटेवर एक बाकही आहे. तरीही यावंसं वाटलं तर या. ती माझ्या डाव्या हाताला चालेल आणि डावीकडे काय आहे ते मला सांगत जाईल. या वेळी मी दिसतंय म्हणणार नाही.

तुझीच, आता पायी फिरणारी,
आई