बेरिल माझ्या मागेमागे का फिरते

१ सप्टेंबर, रविवार

गावच्या पत्रकात बेरिल गॉट्सचा फोटो. पहिल्या पानावर. हातात चांदीचं नाणं, तोंडात कवळी, दोन्ही चकाकतायत. सातशे वर्षांपूर्वीचं म्हणे. नाणं.

जमिनीतला धातू हुडकायचं मशीन आधी कोणी घेतलं? मी. मिस्टर बुलनच्या दारात जाऊन, तुमच्या रानात मशीन फिरवू का, असं तोंड उघडून कोणी विचारलं? मी. शेजारीण म्हणून हिला सोबत नेलं. आणि फोटो हिचा.

आज माझं: बाटलीची बुचं चार, ट्रॅक्टरचा बोल्ट एक, काडतुसांची पितळी बुडं सात.

ही वही जिल्ह्याच्या म्युझियमवाल्या पोरीने लिहायला लावली. काय सापडलं, कुठे, किती खोल. मी बाकीचंही लिहिणार. कोण वाचतंय?

मी जळत नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी कोण जळतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

बुलन येऊन गेला. चर्चमागचं कुरण ऑक्टोबरात उघडणार, कोकरं बाजारात गेली की. तिथे पूर्वी जत्रा भरायची. जत्रा म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे फाटके खिसे. बुलनच्या बापाने तिथे कधी कुणाला मशीन लावू दिलं नाही. पण हा म्हणतो, एकीलाच देणार. दोघी मिळून रान उकरायला नकोत. कोण, ते महिनाभर कामाची पद्धत बघून ठरवणार.

फ्रूटकेक दिला. दोन तुकडे खाल्ले त्याने. म्हणजे ठरलंच.

मला ते कुरण पाहिजे. माझा फोटो जन्मात कुठे छापून आला नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा मी अर्नीच्या टोपीमागे. आता अर्नीही गेला, टोपीही गेली.

८ सप्टेंबर, रविवार

संकल्प: खड्डे वाढवायचे. बेरिल दिवसभरात आठ खणते. मी आज चाळीस. याला कष्ट म्हणतात.

बेरिलची सवय वाईट. मी पुढे सरकले की ही मी सोडलेल्या जागी गुडघे टेकते आणि मशीनचं नाक खुपसते. एप्रिलपासून हेच. आज स्पष्ट सांगितलं, बाई, देवाने एवढं मोठं रान दिलंय, स्वतःची जागा शोध. तर हसली. म्हणाली, अगं ग्लेंडा, तू हो पुढे, मी आहे मागे.

निर्लज्ज.

माझं: टिनच्या डब्याच्या कड्या सहा. तिचं: जुन्या काळचं पितळी बक्कल. मी पाच मिनिटांपूर्वी जिथून कडी काढली, बरोब्बर तिथून! नशीब आंधळं असतं ऐकलं होतं, बहिरंही असणार.

तिने केलेले पोर्क पाय खाल्ले, मैद्याच्या पारीत भरलेलं डुकराचं मांस. पारी ओलसर. दोनच घेतले.

९ सप्टेंबर, सोमवार

लेकीचा फोन. कॅरल म्हणे, आई, तू बेरिलमावशीवर जळतेस. मी म्हटलं, माझी भाजी जळतेय, ठेव.

१५ सप्टेंबर, रविवार, दुपारी ४

बेरिलचा गुडघा सुजला. आली नाही. देव आहे.

एकटीने त्रेपन्न खड्डे! पाठीमागे कुणाचा श्वास नाही. गवताची चकती फावड्याने कापायची, बाजूला उलटी ठेवायची, माती उपसायची, वस्तू काढायची. मग माती आत, चकती वर, पायाने दाबायचं. हे शेवटचं सगळं परत येताना एकदम करणार होते. पण कंबरेने दगा दिला. माती आपोआप बसते, सगळ्यांना माहीत आहे.

माझं: पत्र्याचे तुकडे, बादलीभर.

संध्याकाळी बेरिलला सूप नेऊन देणार. गुडघा खरंच सुजलाय का, तेही बघता येईल.

रात्री: दार तिच्या नवऱ्याने उघडलं. गुडघा खरंच सुजलाय. बरं वाटलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

बुलनच्या मेंढीचा पाय उघड्या खड्ड्यात गेला. लंगडतेय. बुलन बीटासारखा लाल. कुणाचा खड्डा, म्हणून विचारत आला. मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेणार नाही. पण ज्यांचे फोटो छापून येतात त्यांचं लक्ष वर असतं, पायाखाली नसतं.

छान बोलले.

२२ सप्टेंबर, रविवार

बुलनने बेरिललाही विचारलं. बेरिल गप्प. फाटकाच्या कडीशी चाळा करत उभी. गप्प बसतो तोच चोर.

चर्चमागच्या कुरणासाठी मशीनला नवी बॅटरी आणली.

२९ सप्टेंबर, रविवार

बुलन फाटकातच उभा होता. म्हणाला, मोजले. त्रेपन्न. एप्रिलपासून माझ्या रानात एकही खड्डा उघडा राहिला नाही, आणि बेरिल अंथरुणात होती त्याच रविवारी त्रेपन्न. मला फार शिकवलं नाही कुणी, ग्लेंडा, पण मेंढ्या मोजून मोजून आकडे येतात.

मग बेरिलकडे वळला. आता बोल.

बेरिल बोलली तेही जमिनीकडे बघून. हिची कंबर धरते हो. म्हणून हिचे खड्डे मी झाकत होते. झाकायच्या आधी मशीन परत एकदा फिरवायचं एवढंच, खाली अजून काही असलं तर. जुलैत ओकखाली नाणं तसंच मिळालं.

वस्तू निघाली की खड्ड्यात पुन्हा मशीन फिरवायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. मी मेली घाईत.

घरी येऊन वही चाळली. १४ जुलै. ओढ्याकडचा कोपरा, ओकच्या झाडाखाली. 'डब्याची कडी एक. पुढे गेले.' चांदी दोन बोटं खाली होती.

चर्चमागचं कुरण बेरिलला. मला बुलन म्हणाला, मशीन घरी ठेवा. बेरिल सोबत आणणार असेल तर या, फावडं घेऊन. खड्डे झाकायला.

३० सप्टेंबर, सोमवार

त्रेपन्न झाकले. मोजून. बेरिल काठी टेकत आली, घडीच्या खुर्चीवर बसून बोट दाखवत होती. तो राहिला, अगं तो. पोर्क पाय आणले होते. पारी आज बरी होती. हे तिला सांगितलं नाही.

नाणं तिचं आणि रानाचा मालक म्हणून बुलनचं, अर्धं अर्धं, ठरल्याप्रमाणे. पण खड्डा माझा. म्हणजे फोटोत थोडी मीही आहे, बाहेर राहिलेली. अर्नीच्या टोपीमागे होते तशी.

आत्ता तिच्या दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवून आले. 'रविवारी आठला येऊ का? मशीन आणत नाही. फावडं आणते. तू वाकायचं नाहीस.'

हो की नाही, ते बेरिलने स्वतः दारात येऊन सांगायचं. नवऱ्याला पुढे करायचं नाही.